डॅशबोर्डमध्ये हाताळता येणारा नकाशा: टँकरच्या तक्त्यापासून सुरुवात

टंचाईग्रस्त गावांना टँकरने पाणी पुरवण्याच्या कामात असलेल्या एखाद्या संस्थेकडे रोजच्या फेऱ्यांची नोंद बहुधा एक्सेलच्या तक्त्यात असते: तारीख, जिल्हा, तालुका, गाव किंवा वाडी, फेऱ्या आणि टँकरची क्षमता. मार्च संपेपर्यंत हा तक्ता डोळ्यांनी वाचता येतो. मे महिन्यात त्याच्या ओळी हजारांत जातात आणि मग एखाद्या बैठकीत कोणीतरी विचारते, ‘याचा नकाशा करता येईल का, ज्यावर तालुक्यावर बोट ठेवले की आकडे दिसतील?’ ज्यांच्याकडे हे काम पहिल्यांदाच आले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण टँकरचे घेतले असले, तरी शाळा, लसीकरण किंवा पीकविमा यांच्या आकड्यांसाठीही याच पायऱ्या चालतील.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. नकाशाचे बहुतेक कष्ट तक्त्यातच असतात. रंग, झूम आणि बोट ठेवताच उघडणारी चौकट हे सारे आजची सॉफ्टवेअर काही मिनिटांत करून देतात. पण तक्त्यातले ‘खेड’ पुणे जिल्ह्यातले की रत्नागिरीतले, हे त्यांना ठरवता येत नाही, आणि ते चुकले की नकाशा देखणा पण खोटा निघतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग नकाशा उघडण्यापूर्वीच्या कामावर खर्च केला आहे.

प्रश्न ‘कुठे’ असा आहे का?

कोणत्या तालुक्यात सर्वाधिक फेऱ्या झाल्या, एवढेच सांगायचे असेल तर उतरत्या क्रमाने लावलेला स्तंभालेख नकाशापेक्षा चांगला, कारण दोन स्तंभांची उंची डोळ्याला अचूक ताडता येते, दोन रंगछटांमधला फरक तसा येत नाही. एप्रिलपेक्षा मे महिन्यात मागणी किती वाढली, हे रेषालेखाने दाखवावे. शेजारच्या तालुक्यांची टंचाई एकाच पट्ट्यात आहे का, ती जिल्ह्याची सीमा ओलांडून पलीकडे गेली आहे का, टँकर भरण्याचे ठिकाण गावांपासून किती दूर पडते, असे प्रश्न असतील तरच नकाशाला काम आहे. हे प्रश्न कागदावर एकेका वाक्यात लिहून काढावेत, आणि तीनपेक्षा जास्त झाले तर दुसऱ्या डॅशबोर्डचा (आकडे, आलेख आणि नकाशा एकत्र दाखवणाऱ्या पानाचा) विचार करावा.

जिल्हा, तालुका की गाव?

नकाशा कोणत्या घटकावर रंगवायचा हा निर्णय वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. सातारा जिल्हा घ्या. त्यात महाबळेश्वर आहे, जिथे पावसाळ्यात पाऊस थांबत नाही, आणि त्याच जिल्ह्यात माण आणि खटाव हे कायम अवर्षणाचे तालुके आहेत. जिल्ह्याची सरासरी काढून साताऱ्याला एक रंग दिला, तर तो रंग महाबळेश्वरचाही नसतो आणि माणचाही नसतो. नाशिकमध्ये इगतपुरी आणि येवला यांची अशीच जोडी आहे. टंचाईच्या कामाला जिल्हा हा घटक बहुतेक वेळा फारच मोठा ठरतो, आणि तालुका हा त्यातल्या त्यात बरा मध्यम मार्ग आहे.

गावपातळीवर गेले की वेगळी अडचण येते. सरकारी टंचाई अहवालांत ‘गावे’ आणि ‘वाड्या’ असे दोन आकडे दिलेले असतात. जनगणनेत महसुली गावाला स्वतंत्र कोड असतो, मात्र वाडीला किंवा वस्तीला तो नसतो, आणि सीमांच्या फायलीतही तिचा वेगळा तुकडा नसतो. त्यामुळे वाड्या दाखवायच्या असतील तर त्यांच्या जागा अक्षांश-रेखांश घेऊन ठिपक्यांनीच दाखवाव्या लागतात. सोयीची मांडणी अशी: तालुका रंगाने, वाडी ठिपक्याने, आणि ठिपके फक्त नकाशा पुरेसा जवळ आणल्यावरच दिसावेत.

सीमांची फाइल मिळवणे

रंगवण्यासाठी तालुक्यांच्या सीमारेषा लागतात. भारतात नकाशांची अधिकृत संस्था भारतीय सर्वेक्षण विभाग ही असून १७६७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय देहराडूनला आहे. तिच्या ऑनलाइन नकाशा संकेतस्थळावर प्रशासकीय सीमा मिळतात. डेटामीटसारख्या खुल्या माहितीच्या गटांनीही सीमांच्या फायली गिटहब या संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. त्या वापरायला सोप्या आहेत, मात्र त्या कोणत्या वर्षीच्या रचनेवर आधारित आहेत हे पाहिल्याशिवाय उतरवून घेऊ नयेत.

देशाची सीमा हा केवळ नीटनेटकेपणाचा विषय नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे, हा फौजदारी कायदा (सुधारणा) अधिनियम, १९६१ नुसार सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचा किंवा दंडाचा किंवा दोन्हींचा गुन्हा आहे. परदेशी बनावटीच्या कित्येक पार्श्वनकाशांवर (आपल्या आकड्यांच्या मागे लावायच्या तयार नकाशांवर) काश्मीर आणि अरुणाचलच्या सीमा तुटक किंवा वेगळ्या दिसतात, त्यामुळे जगाचा पार्श्वनकाशा जसाच्या तसा लावून मोकळे होणे धोक्याचे आहे. राज्याच्या डॅशबोर्डपुरता यावर सोपा उपाय आहे: पार्श्वनकाशाच काढून टाकावा. पांढऱ्या किंवा फिकट करड्या जागेवर फक्त महाराष्ट्राचे तालुके ठेवले, तर आंतरराष्ट्रीय सीमेचा प्रश्न उद्भवतच नाही आणि रंगही स्वच्छ वाचता येतात. रस्ते आणि गावे दाखवण्यासाठी पार्श्वनकाशा हवाच असेल, तर नकाशा किती लांब नेता येईल याला मर्यादा घालून तो राज्याच्या चौकटीतच अडकवावा.

फाइल बहुधा दोनपैकी एका स्वरूपात मिळते. शेपफाइल हे जुने स्वरूप, आणि नावाप्रमाणे ती एक फाइल नसून फायलींचा जुडगा असतो: आकृत्यांची, त्यांच्या क्रमसूचीची, माहितीच्या तक्त्याची आणि प्रक्षेपणाची (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीची). यांपैकी एखादी मागे राहिली की सगळे अडते, म्हणून सहकाऱ्याला पाठवताना झिप करूनच पाठवावी. तिच्या तक्त्यात स्तंभाचे नाव दहा अक्षरांपुरतेच राहते, आणि अक्षरसंकेत युनिकोडचा न सांगितल्यास देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. जिओजेसन हे त्यामानाने सुटसुटीत स्वरूप आहे: सारे काही एकाच मजकूर-फायलीत, युनिकोडमध्ये. नवख्याने शेपफाइल मिळाली तरी ती क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून जिओजेसनमध्ये जतन करावी आणि पुढे तीच वापरावी.

जिओजेसनमध्ये एक सापळा आहे. त्यात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहिण्याचा नियम आहे, तर मोबाइलवरचा नकाशा आपल्याला अक्षांश आधी देतो. पुण्याचे स्थान साधारण १८.५२ उत्तर आणि ७३.८६ पूर्व. हे दोन आकडे उलटले की पुणे नॉर्वेच्या उत्तरेला थंड समुद्रात, बेअर बेटाच्या जवळपास जाऊन पडते. सगळे ठिपके एकदम गायब झालेले दिसले की आधी नकाशा पूर्ण लांब करून उत्तर ध्रुवाकडे पाहावे. याहून चांगला उपाय म्हणजे तक्त्यातच तपासणी लावणे: महाराष्ट्र अंदाजे १५.६ ते २२.१ उत्तर अक्षांश आणि ७२.६ ते ८०.९ पूर्व रेखांश यांच्यात बसतो, या चौकटीबाहेरची प्रत्येक ओळ लाल होऊ द्यावी.

नावे आणि कोड

इथे घाई करू नये. नकाशातल्या आकृतीला तक्त्यातली ओळ जोडायची तर दोन्हींकडे सारखा असलेला एक स्तंभ लागतो, आणि नवखा माणूस साहजिकच नावाचा स्तंभ निवडतो. तसे केल्यावर काय काय होते, ते पाहू.

जिल्ह्यांची नावे बदलली आहेत. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. सीमांची जुनी फाइल जुनी नावे धरून बसलेली असते. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत बीडचे स्पेलिंग ‘बिड’ असे वाचावे लागते आणि रायगडचे चक्क ‘रायगढ’ असे. रायगढ नावाचा जिल्हा छत्तीसगडमध्ये आहेच. नावावरून जागा शोधण्याचे काम सॉफ्टवेअरवर सोपवल्यामुळे माझ्या पहिल्याच नकाशात अलिबाग-पेणचे आकडे छत्तीसगडवर जाऊन बसले होते, आणि ते दोन दिवस कोणाच्या लक्षात आले नाही, कारण नकाशा महाराष्ट्रावरच उघडत होता. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, हेही लक्षात असू द्यावे.

तालुक्यांची नावे तर राज्याच्या आतच दुहेरी आहेत. कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही; मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशिममध्ये; आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात; कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्ये; कारंजा वर्ध्यात आणि वाशिममध्ये; खेड पुण्यात आणि रत्नागिरीत. यांतली एकही जोडी विसरली, तर एका तालुक्याची तहान दुसऱ्याच्या खात्यात जाते. देवनागरीत आणखी एक अदृश्य गोष्ट असते. पडद्यावर सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाच्या लेखी वेगळे असू शकतात, कारण एकात शेवटी मोकळी जागा असते, किंवा अक्षरे जोडणारे न दिसणारे चिन्ह असते, किंवा ‘ऱ’ हे अक्षर एकाच्या कळफलकाने अखंड आणि दुसऱ्याच्या कळफलकाने ‘र’ला नुक्ता देऊन उमटवलेले असते.

म्हणून नावाने जोडू नये, कोडने जोडावे. २०११ च्या जनगणनेत राज्याला दोन अंकी, जिल्ह्याला तीन अंकी, तालुक्याला पाच अंकी आणि गावाला सहा अंकी कोड आहे. महाराष्ट्राचा कोड २७. नंदुरबारच्या ४९७ पासून सांगलीच्या ५३१ पर्यंत तेव्हाचे ३५ जिल्हे ओळीने येतात. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेचे कोड वेगळे आहेत, त्यामुळे तक्त्यात कोणते वापरले ते स्तंभाच्या नावातच लिहावे. नुसते ‘कोड’ असे नाव सहा महिन्यांनी कोणालाच काही सांगत नाही.

तालुक्यांचे जनगणना-कोड महाराष्ट्रात शून्याने सुरू होतात. एक्सेलमध्ये फाइल नुसती दोनदा टिचकी मारून उघडली की एक्सेल त्यांना संख्या समजते आणि सुरुवातीचे शून्य गिळून टाकते. मग सीमांच्या फायलीतला पाच अंकी कोड आणि तक्त्यातला चार अंकी कोड जुळत नाहीत, आणि सारा नकाशा कोरा उमटतो. मजकूर-फाइल आयात करताना त्या स्तंभाचा प्रकार ‘मजकूर’ असा निवडावा, किंवा दोन्हींकडे कोडच्या आधी एखादे अक्षर लावून टाकावे. मी दुसरा उपाय करतो, कारण पहिला आपल्यापुरता पाळता येतो. फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली गेली की शून्य पुन्हा जाते. याच्या उलट, फेऱ्यांसारखे आकडे तक्त्यात देवनागरी अंकांत असतील तर बरीच सॉफ्टवेअर त्यांना मजकूर समजतात आणि बेरीज करत नाहीत. तक्त्यात इंग्रजी अंक ठेवावेत आणि वाचकाला दिसणाऱ्या चौकटीत हवे तर देवनागरी उमटवावेत.

आता पालघर. ते १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळे झाले, म्हणजे २०११ च्या कोणत्याही फायलीत पालघर जिल्हा नाही. जिल्हानिहाय नकाशात याचे दोन परिणाम होतात: पालघरच्या फेऱ्या कुठेच जोडल्या जात नाहीत, आणि ठाणे प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसते. सुदैवाने विभागणी तालुक्यांच्या सीमांवरूनच झाली. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या आठ तालुक्यांची बेरीज केली की पालघरची २०११ ची लोकसंख्या २९,९०,११६ निघते, आणि ठाण्याच्या १,१०,६०,१४८ मधून ती वजा केली की आजच्या ठाण्यासाठी ८०,७०,०३२ उरतात. तालुका हा घटक धरून तक्ता केला असेल तर हे काम एका स्तंभात होते. जिल्ह्याचाच तक्ता असेल तर सगळे मूळापासून करावे लागते.

जोडणी

क्यूजीआयएसमध्ये सीमांचा थर आणि तक्ता दोन्ही उघडावेत, सीमांच्या थराच्या गुणधर्मांमध्ये जाऊन जोडणीचा पर्याय निवडावा आणि दोन्हींकडचा कोडचा स्तंभ दाखवावा. यात दोन चुका हमखास होतात. पहिली अशी की तक्त्यात एका तालुक्याच्या अनेक दिवसांच्या अनेक ओळी असतात, आणि साध्या जोडणीत त्यांपैकी एकच ओळ आकृतीला चिकटते. बाकीच्या गुपचूप गळतात. म्हणून जोडण्यापूर्वी एक्सेलच्या पिव्हट टेबलने प्रत्येक तालुक्याची एकच ओळ करून घ्यावी. दुसरी अशी की जोडणी सीमांच्या बाजूने पाहिली जाते, त्यामुळे ज्या ओळीचा कोडच सीमांच्या फायलीत नाही ती कुठेच दिसत नाही. जोडणी झाल्यावर दोन याद्या काढाव्यात: आकडा न मिळालेले तालुके आणि तालुका न मिळालेले आकडे. शेवटी नकाशातल्या सगळ्या तालुक्यांची बेरीज मूळ तक्त्याच्या बेरजेशी ताडावी. ती एका फेरीनेही चुकली तर पुढे जाऊ नये.

कोणता आकडा रंगवायचा?

एकूण फेऱ्या रंगवू नयेत. मोठ्या तालुक्यात फेऱ्या जास्त असणारच, आणि असा नकाशा शेवटी लोकसंख्येचाच नकाशा होतो. शिवाय दहा हजार लिटरच्या टँकरची एक फेरी आणि वीस हजार लिटरच्या टँकरची एक फेरी या सारख्या नव्हेत, म्हणून आधी फेऱ्यांना क्षमतेने गुणून लिटर काढावेत.

मग भागायचे कशाने? इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत मिसळतात. तालुक्याच्या एकूण लोकसंख्येने भागले तर टंचाईचा भार किती पसरलेला आहे हे कळते. ज्या गावांना टँकर जातो फक्त त्यांच्या लोकसंख्येने भागले तर टँकरवर अवलंबून असलेल्या माणसाच्या वाट्याला दिवसाला किती पाणी येते हे कळते, आणि ते जल जीवन मिशनच्या दरडोई दररोज ५५ लिटर या मापाशी ताडून पाहता येते. मोखाड्यासारख्या तालुक्यात, जिथे पावसाळ्यात धो-धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात टँकर लावावे लागतात, हे दोन नकाशे वेगवेगळी गोष्ट सांगू शकतात. दोन्ही हवे असतील तर वरच्या कोपऱ्यात निवडीची पट्टी द्यावी. एकाच रंगात दोन्ही कोंबू नयेत. लोकसंख्या २०११ ची आहे, हे २०२७ च्या जनगणनेचे आकडे हाती येईपर्यंत नकाशाखाली स्पष्ट लिहावे लागेल.

एकूण संख्याच दाखवायची असेल तर वर्तुळे वापरावीत. वर्तुळाचे क्षेत्रफळ आकड्याच्या प्रमाणात असावे, त्रिज्या नव्हे: आकडा चौपट झाला की त्रिज्या दुप्पट. हे सॉफ्टवेअरवर सोडले असेल तर एकदा मोजून पाहावे.

वर्ग आणि रंग

शाळेच्या भूगोलात याला क्षेत्रघनी पद्धत म्हणतात: आकड्यांचे वर्ग पाडायचे आणि प्रत्येक वर्गाला फिकटपासून गडदपर्यंत छटा द्यायची. वर्ग कसे पाडले यावर नकाशाचा अर्थ बदलतो, आणि महाराष्ट्र हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. २०११ मध्ये लोकसंख्येची घनता गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला ७४ होती आणि मुंबई उपनगरात सुमारे २०,९८०. या टोकांमध्ये सारख्या रुंदीचे पाच वर्ग पाडले तर पहिला वर्ग ७४ ते साधारण ४,२५५ असा येतो. मुंबईचे दोन्ही जिल्हे शेवटच्या वर्गात जातात. त्यांच्याखालोखाल असलेल्या ठाण्याची घनता १,१५७, म्हणजे उरलेले सारे ३३ जिल्हे पहिल्याच वर्गात, एकाच फिकट रंगात. मधले तीन वर्ग रिकामे. वाचक म्हणेल की राज्यात दोन ठिकाणी माणसे राहतात.

प्रत्येक वर्गात सारख्या संख्येने तालुके बसवले तर रंग छान पसरतात, पण मग जवळजवळ सारखे आकडे असलेले दोन तालुके वेगवेगळ्या वर्गांत पडतात. आकड्यांतल्या नैसर्गिक फटी शोधणारी तिसरी पद्धत आहे. तिचे वर्ग मात्र दर आठवड्याला बदलतात, आणि रोज अद्ययावत होणाऱ्या डॅशबोर्डवर हे घातक ठरते, कारण कालचा गडद तालुका आज पाणी न वाढताच फिकट होतो. माझा सल्ला असा की वर्गांच्या सीमा हाताने, कामाच्या अर्थाने ठरवाव्यात आणि संपूर्ण हंगामभर स्थिर ठेवाव्यात. दरडोई पाण्यासाठी, उदाहरणार्थ, ५५ लिटर ही एक सीमा असावीच. वर्ग चार किंवा पाच पुरेत.

रंगांबद्दल तीनच गोष्टी. एकाच रंगाच्या छटा घ्याव्यात. सरासरीपेक्षा कमी-जास्त असे दोन्ही बाजूंनी दाखवायचे असेल तरच दोन रंग. लाल आणि हिरवा ही जोडी टाळावी, कारण तो फरक न ओळखणारे वाचक असतात. आणि टँकरच्या नकाशाला निळा रंग देऊ नये: गडद निळा म्हणजे भरपूर पाणी, असे डोळा आपोआप वाचतो, आणि इथे तर गडद म्हणजे टंचाई.

‘शून्य फेऱ्या’ आणि ‘अहवाल आलाच नाही’ यांना कधीही एक रंग देऊ नये. पहिल्याला सर्वांत फिकट छटा, दुसऱ्याला करडा रंग किंवा तिरप्या रेघा, आणि दोन्हींची नोंद नकाशाच्या रंगसूचीत. टंचाईच्या कामात अहवाल न आलेला तालुका हा बरेचदा सर्वांत आधी फोन करण्याजोगा तालुका असतो.

फाइल हलकी करणे

सर्वेक्षणाच्या अचूकतेची सीमाफाइल डॅशबोर्डला जड होते आणि तालुक्याच्या ठिकाणच्या नेटवर उघडता उघडत नाही. मॅपशेपर या मोफत साधनात फाइल टाकून सीमारेषा सुलभ कराव्यात. हे साधन शेजारच्या दोन तालुक्यांची सामाईक रेषा एकत्रच साधी करते, त्यामुळे मध्ये फटी पडत नाहीत. अक्षांश-रेखांशातले दशांशही कापावेत: पाच दशांश म्हणजे सुमारे एक मीटर, तीन दशांश म्हणजे सुमारे १११ मीटर, आणि तालुक्याच्या नकाशाला चार दशांश भरपूर झाले. कोकणची किनारपट्टी कितपत टिकली ते मात्र डोळ्यांनी पाहावे. खाड्या पहिल्यांदा नाहीशा होतात.

प्रक्षेपणाबद्दल थोडक्यात: वेबवरचे बहुतेक नकाशे मर्केटरच्या प्रक्षेपणावर असतात, ज्यात उत्तरेकडचा प्रदेश फुगतो. महाराष्ट्रापुरता हा फरक दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत सात-आठ टक्के, म्हणून सोडून द्यावा. अख्खा भारत दाखवताना श्रीनगरकडचा भाग कन्याकुमारीच्या तुलनेत सुमारे चाळीस टक्के मोठा दिसतो, तिथे मात्र विचार करावा.

डॅशबोर्डवर बसवणे

साधन कोणते, याला मी दुय्यम महत्त्व देतो. पॉवर बीआय हे डॅशबोर्ड बनवण्याचे सॉफ्टवेअर कार्यालयात आधीच असेल तर तेच वापरावे. त्याच्या आकार-नकाशाला आपली सीमाफाइल टोपोजेसन स्वरूपात देता येते, आणि मॅपशेपर ते स्वरूपही काढून देते. टॅब्लो हे तशाच कामाचे दुसरे सॉफ्टवेअर शेपफाइल आणि जिओजेसन दोन्ही थेट उघडते. त्याची मोफत आवृत्ती, टॅब्लो पब्लिक, नावाप्रमाणे सार्वजनिक आहे, म्हणून लाभार्थ्यांची नावे किंवा मोबाइल क्रमांक असलेला तक्ता तिच्यावर कधीही चढवू नये. थोडीफार जावास्क्रिप्ट येणारी व्यक्ती हाताशी असेल तर लीफलेट ही मोफत आणि हलकी लायब्ररी (तयार प्रोग्रामांचा संच) सर्वाधिक मोकळीक देते. ओपनस्ट्रीटमॅपचा पार्श्वनकाशा वापरल्यास त्याच्या योगदानकर्त्यांचे श्रेय नकाशाच्या कोपऱ्यात दिसलेच पाहिजे, ही परवान्याची अट आहे.

नकाशा हाताळता येण्याचा खरा उपयोग बोटाने तालुका निवडण्यात आहे. माणवर टिचकी मारली की शेजारचा रेषालेख माणच्या फेऱ्यांचा व्हावा, खालचा तक्ता माणच्या गावांचा व्हावा आणि वर मोठ्या अक्षरांत ‘माण, जि. सातारा’ असे यावे. पॉवर बीआयमध्ये हे बहुधा आपोआप होते. टॅब्लोमध्ये नकाशाच्या चौकटीवरचे गाळणीचे चिन्ह दाबून चालू करावे लागते. निवड रद्द करून पुन्हा पूर्ण राज्य दाखवणारे बटण ठळक हवे. ते नसेल तर माणूस एका तालुक्यात अडकतो आणि तेच राज्याचे आकडे समजून बैठकीत सांगतो.

उघडणाऱ्या चौकटीत मोजकेच असावे: तालुका आणि जिल्हा, दरडोई लिटर, एकूण फेऱ्या, शेवटच्या अहवालाची तारीख. मोठे आकडे लाख-कोटींच्या स्वल्पविरामांनी लिहावेत. इंग्रजी पद्धतीचे तीन-तीन अंकांचे गट आपल्या वाचकाला दरवेळी थबकायला लावतात. माउस वर नेल्यावरच दिसणाऱ्या माहितीवर विसंबू नये, कारण मोबाइलवर माउस नसतो, आणि ग्रामसेवक हा डॅशबोर्ड मोबाइलवरच पाहणार आहे. माउसचे चाक फिरवून झूम होण्याची सोयही बंद ठेवावी, नाहीतर पान खाली सरकवू पाहणाऱ्याचा नकाशा बंगालच्या उपसागरात जातो. अधिक-उणेची बटणे पुरतात.

मुंबईचे दोन जिल्हे राज्याच्या नकाशावर दिसेनासे होतात आणि १४,४१२ चौरस किलोमीटरचे गडचिरोली डोळ्यांत भरते. टँकरच्या विषयात मुंबईची चिंता नाही, पण विषय आरोग्याचा असेल तर मुंबईसाठी कोपऱ्यात मोठा केलेला वेगळा तुकडा द्यावा.

ठिपके दाखवताना घरांच्या जागा देऊ नयेत. वाडीचा मध्यबिंदू पुरेसा आहे. दोन-तीन घरांच्या वस्तीवर ठिपका ठेवून तिच्यावर आकडे चढवले, तर नाव न लिहिताही ती कुटुंबे ओळखू येतात.

दुसऱ्याच्या हाती देऊन पाहणे

तयार झालेला नकाशा तंत्राशी संबंध नसलेल्या एका व्यक्तीच्या हाती, शक्यतो तहसील कार्यालयात टंचाईचे काम पाहणाऱ्या व्यक्तीच्या हाती, तिच्याच मोबाइलवर द्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत: कालपासून कुठून अहवाल आला नाही, वाशिममधल्या मालेगावात दरडोई किती पाणी पोहोचले, आणि पुन्हा पूर्ण राज्य कसे दाखवाल. उत्तर सांगू नये आणि बोटही दाखवू नये. तिचे बोट जिथे जिथे अडखळले त्या जागा लिहून घ्याव्यात, आणि दुसऱ्या दिवशी बाकी काहीही नवे न जोडता तेवढ्याच दुरुस्त कराव्यात.